अस्मानी व सुलतानी : जुन्या दुष्काळांची साक्ष आणि हल्लींचें पर्जन्यमान

मराठ्यांच्या इतिहासाचीं अस्सल कागदपत्रें चाळणारास 'अस्मानी सुलतानी' हा जोडशब्द ठिकठिकाणीं आढळतो. गांव ओस पडला, रयत परागंदा झाली, जमा बुडाली, तर त्याचें कारण या दोहोंपैकीं कोणत्या सदरांत घालावयाचें हें पाहून सूट मागितली जाई व दिली जाई. पाऊस न पडणें, बेसुमार पडणें, गारा, टोळ हें अस्मानी. फौजेची धामधूम, लूट, जाळपोळ, जास्तीची पट्टी हें सुलतानी. अस्मानींत माणसाचा अपराध नाहीं व इलाजहि नाहीं. सुलतानींत अपराधी शोधतां येतो, मग त्याचें पारिपत्य करण्याची ताकद असो वा नसो. या दोन सदरांमधील भिंत आमच्या पूर्वजांनीं पक्की मानली होती, आणि कौल, इस्तावे, तगाईचीं पत्रें यांची पुष्कळशी मांडणी तिच्या आधारावर उभी आहे.

हल्लीं ऋतुमान पालटत आहे, अतिवृष्टि व पूर वाढत आहेत, असें पर्जन्यशास्त्रज्ञ सांगूं लागले म्हणजे त्यांस उत्तर देण्याकरितां नेमका आमच्याच शास्त्रांतील पुरावा पुढें करण्यांत येतो. दुर्गादेवीचा दुष्काळ बारा वर्षें चालला. शहाजहानाच्या वेळीं गुजराथेंत व दख्खनेंत माणूस माणसास खाऊं लागला. तेव्हां कोठें आगगाड्या होत्या व कोठें कारखाने होते? पाऊस पूर्वींहि लहरी होता, आजहि आहे; यांत नवें तें काय? हा आक्षेप आम्हीं व्याख्यानांतून, वर्तमानपत्रांतून व कित्येकदां इतिहासज्ञ म्हणविणारांच्या तोंडूनहि ऐकला आहे. इतिहासाची साक्ष जेथें काढली जाते तेथें ती काय सिद्ध करते व काय करीत नाहीं, हें सांगण्याची जबाबदारी इतिहाससंशोधकांवर येते. ती यथाशक्ति पार पाडण्याचा प्रस्तुत लेखांत यत्न केला आहे.

प्रथम पुराव्याचें स्वरूप पाहूं. आमच्या दप्तरांत पाऊस येतो तो जमाबंदीच्या दारानें. शुहूर सन, ज्यास मृगसाल असेंहि म्हणतात, तो सूर्याच्या मृगनक्षत्रप्रवेशाबरोबर बदले. म्हणजे राज्याचें हिशेबी वर्षच पावसाच्या तोंडावर सुरू होई. इतकें असूनहि पाऊस किती पडला हें कोणी लिहीत नसे. पीक किती आलें व वसूल किती बुडाला, एवढ्यापुरताच कारकुनाचा पावसाशीं संबंध. ज्या सालीं पाऊस वेळेवर व बेताचा पडला त्या सालाविषयीं कागद बहुधा मुके असतात. सूट मागणारा पाटील नुकसान वाढवून सांगणार व कमाविसदार तें कमी करून लिहिणार, हा मनुष्यस्वभावच होय. आणि मुलूख लढाईखालीं असला म्हणजे तर अर्ज करावयास पाटील जागेवर नाहीं व घ्यावयास कमाविसदारहि नाहीं! म्हणून सुटीचे कागद मोजून त्यांवरून दुष्काळांची संख्या ठरविणें हें धर्मादायाच्या वहीवरून गांवांतील भिकारी मोजण्यासारखें आहे.

आणखी एक बारीक गोष्ट सहज ध्यानांत येत नाहीं. मृग कोरडा गेला असें जुन्या लेखांत वाचतांना आपण जून महिन्याची ७ वी किंवा ८ वी तारीख डोळ्यांपुढें आणतों. परंतु नक्षत्रप्रवेश हा निरयन मानाचा, व ऋतु हे सायन मानाचे. दोहोंत सुमारें ७१-७२ वर्षांस एक दिवसाचें अंतर पडत जातें. शिवछत्रपतींच्या जन्मकाळीं मृग ऋतुमानानें आजच्यापेक्षां पांच-साडेपांच दिवस अगोदर लागे, आणि दुर्गादेवीच्या काळीं आठ-नऊ दिवस अगोदर. म्हणजे मृग हळूहळू पावसाळ्याच्या आंत सरकत आला आहे, व त्या मानानें पूर्वींपेक्षां हल्लीं तो अधिक नेमानें भिजावयास पाहिजे. पूर्वीं मृगाचा पाऊस चुकत नसे असें वृद्ध लोक म्हणतात. या हिशेबानें त्या तक्रारीस थोडें अधिकच वजन येतें खरें. पण ती तक्रार वस्तुस्थितीची कीं गेलेल्या दिवसांच्या गोडव्याची, हें तारीखवार नोंदींवांचून ठरणार नाहीं.

आतां दुर्गादेवीकडे वळूं. इ. स. १३९६ त सुरू होऊन बारा वर्षें चाललेला हा दुष्काळ ग्रँट डफच्या इतिहासांत व जिल्हावार गॅझेटियरांत येतो. गांवेंच्या गांवें उजाड झालीं, डोंगरी किल्ले लुटारूंच्या हातीं पडले, व पुढें तीस वर्षेंपर्यंत मुलूख नीट वसला नाहीं, अशी हकीकत आहे. अखेर बहामनी सरकारानें दादो नरसू काळे नांवाचा अनुभवी ब्राह्मण व दरबारचा एक तुर्की खोजा यांस वसाहतीच्या कामावर नेमलें. पहिल्या सालीं सारा माफ, व दुसऱ्या सालीं बिघ्यास घोड्याचा एक तोबराभर धान्य, असा सवलतीचा दर त्यांनीं ठेवला. सारा तोबऱ्यानें मोजावा लागला यावरूनच मागें राहिलेल्या रयतेची स्थिति काय असेल तें समजतें. फिरिस्त्यानेंहि याच सुमाराच्या एका दुष्काळांत बहामनी सुलतानानें माळवा व गुजराथ येथून धान्य आणण्याकरितां दहा हजार बैल लाविल्याचें लिहिलें आहे. पण फिरिस्ता झाला तो दोनशें वर्षांनीं, व त्याचा दुष्काळ दुर्गादेवीच्या रूढ सनाच्या कांहींसा अगोदर पडतो.

या हकीकतींतील 'बारा वर्षें' हा आंकडा आम्हांस पुष्कळ दिवस संशयास्पद वाटत असे. पुराणांतली अनावृष्टि बारा वर्षांची. भद्रबाहूंच्या वेळचा जैन परंपरेंतील दुष्काळहि बारा वर्षांचाच. बारा हा लोककथेचा आवडता आंकडा आहे, व मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा लोकांच्या तोंडीं याच दुष्काळाशीं कधीं जुळते तर कधीं पन्नास-साठ वर्षें पुढें जाते. अशा परंपरेवर विसंबूं नये असेंच कोणताहि शिस्तीचा संशोधक म्हणेल. परंतु या बाबतींत एक अनपेक्षित साक्षीदार पुढें आला आहे. बस्तरच्या कांगेर खोऱ्यांत दंडक नांवाची चुनखडीची गुहा आहे. तिच्या छतांतून ठिबकणाऱ्या पाण्यानें चुन्याचे जे थर शतकानुशतकें सांचत गेले, त्यांतील जड व हलक्या प्राणवायूचें प्रमाण मोजून त्या त्या काळचा पावसाळा जोरदार कीं दुबळा हें शास्त्रज्ञ ताडतात. या गुहेच्या इ. स. ६०० ते १५०० पर्यंतच्या थरांचा अभ्यास २००७ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत चौदाव्या शतकापासून पंधराव्याच्या मध्यापर्यंत पावसाळा वारंवार व दीर्घकाळ दुबळा पडल्याचें दिसून आलें, आणि दुर्गादेवीचा काळ त्यांतच मोडतो.

यावरून बारा वर्षें पावसाचा थेंबहि पडला नाहीं असें अर्थातच सिद्ध होत नाहीं. एकामागून एक दुबळे पावसाळे, मध्यें एखादें बरें साल, पुन्हां दोन वाईट, अशी ती माळ असावी, आणि पेवें एकदां रिकामीं झाल्यावर मधल्या बऱ्या सालाचा उपयोग बियाण्यापुरताहि होत नसावा. तथापि परंपरेंतील मूळ गोष्ट, म्हणजे वर्षांनुवर्षें टिकणारें अवर्षण दख्खनेंत होऊं शकतें ही, आतां भाकडकथा म्हणून टाकून देतां येत नाहीं. आणि हें अवर्षण माणसाच्या कोणत्याहि कृत्यावांचून आलें, हा आक्षेपकांच्या म्हणण्याचा अर्धा भागहि आम्ही मोकळ्या मनानें कबूल करतों. राहिलेल्या अर्ध्या भागाकडे पुढें येऊं.

शके १५५२-५४, म्हणजे इ. स. १६३० ते ३२ या वर्षांचा दुष्काळ याहून फार चांगल्या उजेडांत आहे. बादशहानाम्याचा कर्ता अब्दुल हमीद लाहोरी याचें फारसी वर्णन, सुरतेच्या इंग्रज व डच वखारींतील पत्रें, व पीटर मंडी या इंग्रजाचा सुरतेहून बऱ्हाणपुराकडे जातांनाचा प्रवासवृत्तांत, हीं तिन्हीं परस्परांशीं संबंध नसलेलीं साधनें एकच चित्र देतात. आमच्याकडे तुकोबांच्या पहिल्या पत्नीचा याच दुष्काळांत अन्नावांचून अंत झाला, ही चरित्रपरंपरा प्रसिद्धच आहे. १६३० त पाऊस आला नाहीं. पुढच्या सालीं पीक बरें दिसूं लागलें, तों उंदीर व टोळ पडले. त्यांतून जें वांचलें तें अतिवृष्टीनें बुडविलें, असें वखारींच्या लेखांवरून दिसतें. संस्कृत ग्रंथकारांनीं ज्या सहा ईति सांगितल्या आहेत, म्हणजे अतिवृष्टि, अनावृष्टि, उंदीर, टोळ, पोपट व जवळ येऊन ठेपलेले राजे, त्यांपैकीं पोपट सोडून बाकी सर्व या तीन वर्षांत हजर झाल्या. जवळ येऊन ठेपलेला राजा म्हणजे बऱ्हाणपुरास तळ देऊन निजामशाही बुडविण्यास बसलेला शहाजहान. आणि पुण्यापुरतें बोलावयाचें तर कसबा जाळून गाढवाचा नांगर फिरविणारा आदिलशाही सरदार मुरार जगदेव.

येथें एक गोष्ट विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. अवर्षण व अतिवृष्टि यांस आपण परस्परविरोधी मानतों, पण ज्या काळीं पाऊस बिघडतो त्या काळीं तो दोन्ही बाजूंनीं बिघडूं शकतो, हें १६३१ सालावरून दिसतें. दुसरी गोष्ट सुलतानीची. बऱ्हाणपुरास दर सोमवारीं पांच हजार रुपये याप्रमाणें वीस सोमवार मिळून एक लाख रुपये खैरात वांटल्याचें व सुमारें सत्तर लक्षांची सूट दिल्याचें लाहोरी मोठ्या अभिमानानें लिहितो. परंतु त्याच प्रदेशांतील धान्य व बैल शाही फौजेच्या छावणीकडे ओढले जात होते, याचा हिशेब त्यानें दिलेला नाहीं. दरबारी लेखकाकडून तशी अपेक्षाहि करूं नये.

यानंतरच्या दुष्काळांविषयीं आम्ही थोडक्यांतच लिहितों. १७९१-९२ चा कवटीचा दुष्काळ सवाई माधवरावांच्या कारकीर्दींत पडला. प्रेतें जाळावयास माणसें उरलीं नाहींत व कवट्या रानोमाळ पडल्या, म्हणून त्यास हें नांव. याच काळांत पूर्व किनाऱ्यावर समलकोट येथें विल्यम रॉक्सबर्ग हा वनस्पतिशास्त्रज्ञ हवेच्या नोंदी ठेवीत होता. १७८९ पासून ओळीनें तीन-चार वर्षें पाऊस कसा हुकत गेला हें त्यानें टिपून ठेवलें, आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस असेंच एक अवर्षण पडल्याचीहि माहिती मिळविली. हिंदुस्थानांतील दुष्काळाचा छडा नोंदींच्या आधारें लावण्याच्या पहिल्या यत्नांपैकीं हा एक होय. १८०३-०४ च्या दुष्काळांत मात्र अस्मानीपेक्षां सुलतानीच अधिक. यशवंतराव होळकर व शिंदे यांच्या फौजांनीं मुलूख आधींच धुऊन काढला होता. मागून पाऊस हुकला, एवढेंच. १८१५ त तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला, त्यामुळें पुढच्या वर्षांतला पावसाळा बिघडला व १८१७ ची पटकीची साथ उद्भवली, असें कांहीं अलीकडील ग्रंथकार सुचवितात. इंग्रजांच्या फौजेस त्या सालीं बुंदेलखंडांत पटकीनें पछाडलें होतें हें खरें; पण पेशवाईच्या शेवटच्या वर्षाचा धागा इतक्या लांब नेऊन बांधण्यास आम्ही तयार नाहीं.

१८७६ ते ७८ च्या दुष्काळापाशीं मात्र थांबलें पाहिजे, कारण तेथून पाऊस मोजला जाऊं लागला. सरकारचें हवामानखातें १८७५ सालीं स्थापन झालें व दुसऱ्याच वर्षीं त्याची परीक्षा झाली. या दुष्काळांतील सुलतानी भाग गणेश वासुदेव जोशी यांच्या सार्वजनिक सभेनें गांवोगांवची माहिती गोळा करून चव्हाट्यावर आणला. सर रिचर्ड टेंपल यांनीं मजुरी एक पौंड धान्याच्या मानावर आणून ठेवली, तेव्हां हजारों उपाशी माणसें कामें सोडून निघून गेलीं; आणि परदेशीं जाणारा गहूं या काळांतहि बंद झाला नाहीं. अस्मानी भागाचा शोध ब्लॅनफर्ड यांनीं सुरू केला. हिमालयावर बर्फ अधिक पडल्यास पुढला पावसाळा दुबळा जातो असें त्यांनीं अनुमान काढलें. त्यांच्या मागून आलेल्या जॉन एलियट यांनीं १८९९ सालीं पाऊस चांगला होईल असें भाकीत केलें, आणि त्याच सालीं गुजराथ-राजपुतान्यापासून दख्खनपर्यंत छप्पन्नचा दुष्काळ पडला! या फजितीनंतर गिल्बर्ट वॉकर यांनीं जगांतील ठिकठिकाणच्या हवेच्या दाबांचे आंकडे जुळवून पाहिले, व पॅसिफिक आणि हिंदी महासागर यांवरील दाब तराजूच्या पारड्यांप्रमाणें वरखालीं होतो हें शोधून काढलें. पॅसिफिकच्या मध्य व पूर्व भागांतील पाणी नेहमींपेक्षां तापणें, ज्यास एल निनो म्हणतात, तें याच तराजूचें दुसरें अंग होय. १८७७ चा एल निनो मोजलेल्या काळांतील अत्यंत प्रबळ एल निनोंत गणला जातो. अर्थात् हा नियम अभंग नाहीं. १९९७ सालीं एल निनो प्रचंड होता, पण हिंदुस्थानांत पाऊस पुरेसा झाला.

१८७१ पासूनच्या आंकड्यांत १८७७, १८९९, १९१८ व १९७२ हीं अत्यंत कोरड्या वर्षांत मोडतात. या सालीं देशभराचा पाऊस सरासरीच्या सुमारें पाऊणपट किंवा त्याहूनहि कमी पडला. यांपैकीं पहिल्यांत एकट्या मुंबई इलाख्यांत लक्षावधि माणसें मेलीं. चौथ्यांत महाराष्ट्रांतील लक्षावधि माणसें खडी फोडण्याच्या कामावर गेलीं, त्यांचे हाल झाले, पण तीं जगलीं; त्यांतून रोजगार हमीचा कायदा निघाला. अस्मान सारखेंच असतां सुलतान बदलल्यानें काय फरक पडतो याचें याहून स्वच्छ उदाहरण आमच्या इतिहासांत नाहीं.

येथपर्यंतच्या सर्व हकीकतींत पाऊस कमीअधिक होतो तो मध्यबिंदूच्या दोहों बाजूंस हेलकावे खात होतो. कधीं हेलकावा एका सालाचा, कधीं दुर्गादेवीसारखा एका पिढीचा. आतां आक्षेपाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाचा विचार करूं. दुर्गादेवीपासून पेशवाईच्या अखेरपर्यंत हवेंतील कार्बन डायऑक्साइड वायूचें प्रमाण दहा लाख भागांत सुमारें २८० भाग असें होतें. हिमथरांत कोंडून राहिलेल्या जुन्या हवेच्या बुडबुड्यांवरून तें मोजलें गेलें आहे. आज तें ४२० च्या वर गेलें आहे, व तें कोळसा आणि खनिज तेल जाळल्यानें गेलें आहे, याविषयीं शास्त्रज्ञांत मतभेद उरलेला नाहीं. हा वायु उष्णता धरून ठेवतो. हवा एक अंश तापली म्हणजे तिच्यांत शेंकडा सुमारें ७ टक्के अधिक वाफ मावते. तीच वाफ पुढें पाऊस होऊन पडते. पण ती रोज थोडीथोडी पडत नाहीं, सांचून एकदम कोसळते. दोन पावसांच्या मध्यें तीच तापलेली हवा जमिनीची ओल अधिक वेगानें शोषून घेते. म्हणजे एकाच कारणापासून अतिवृष्टि व अवर्षण हीं दोन्ही वाढावयाचीं.

हें नुसतें तर्कशास्त्र नव्हे. २००६ सालीं बी. एन. गोस्वामी व त्यांचे सहकारी यांनीं १९५१ ते २००० पर्यंतचे मध्य हिंदुस्थानांतील रोजच्या पावसाचे आंकडे तपासले. पावसाळ्याची सरासरी फारशी हाललेली नव्हती. परंतु तिच्या पोटांत मध्यम पाऊस कमी होऊन अतिवृष्टीचे दिवस वाढत चालले होते. ज्यानें केवळ सालाची बेरीज पाहिली त्यास कांहींच घडलें नाहीं असें वाटलें असतें. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानसंस्थेंतील शास्त्रज्ञांच्या पुढाकारानें २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या सरकारी अहवालांत १९०१ ते २०१८ या काळांत देशाचें सरासरी उष्णतामान सुमारें ०.७ अंशानें वाढल्याचें, व १९५० ते २०१५ या काळांत मध्य हिंदुस्थानांत एका दिवसांत १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याचे प्रसंग शेंकडा सुमारें ७५ नीं वाढल्याचें नमूद आहे. त्याच सुमाराच्या काळांत पावसाळ्याची एकूण बेरीज मात्र शेंकडा सुमारें ६ नीं घटली. धूर व धूळ यांनीं सूर्याचा ताप अडविल्याचा यांत हात आहे असें समजतात. बेरीज कमी व मारा अधिक, हें ज्यास विसंगत वाटेल त्यानें वरील १६३१ सालाचें स्मरण करावें. २०२० सालींच हवामानखात्यानें पावसाळ्याच्या रूढ तारखाहि सुधारल्या. वायव्येकडून पाऊस परतण्यास प्रारंभ होण्याची तारीख १ सप्टेंबर होती, ती १७ सप्टेंबर करण्यांत आली.

एकाच साक्षीदारावर विसंबण्यांत काय धोका आहे, हें २६ जुलै २००५ या दिवसानें शिकविलें. त्या दिवशीं मुंबईंत सांताक्रूझच्या मापकांत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि कुलाब्यास अवघा ७३. कुलाब्याची वेधशाळा फार जुनी, तिचीं टिपणें दीर्घ व विश्वसनीय. पण पुढेंमागें एखाद्या संशोधकाच्या हातीं तेवढींच आलीं, तर शेंकडों माणसें बुडून मेलीं तो दिवस पावसाळ्यांतील एक नेहमींचा दिवस म्हणून तो सोडून देईल. जुन्या दप्तरांत अतिवृष्टीचे उल्लेख अवर्षणाच्या मानानें थोडे कां, याचें एक उत्तर यांत असावें असें आम्हांस वाटतें. दुष्काळ मुलुखभर पसरतो व सर्व दप्तरांत उमटतो; ढग एका खोऱ्यावर फुटतो, आणि त्या खोऱ्याचा कागद टिकला तर टिकला.

प्रत्येक पूर ऋतुमानाच्या माथीं मारावा असें आमचें म्हणणें नाहीं. १२ जुलै १९६१ रोजीं पुणें बुडालें तें पानशेतचें अपुरें धरण फुटल्यामुळें. ती शुद्ध सुलतानी होती. २००५ सालीं मिठी नदीचें पात्र भराव घालून आंवळलें नसतें तर पाण्यास वाट मिळाली असती. २०१६ च्या एप्रिलांत लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें, त्यास मागील सालचें अवर्षण कारण होतें, तसेंच भूगर्भांतील पाणी उसून घेणारे उसाचे मळेहि कारण होते. आणि त्याच सालच्या पावसाळ्याअखेर त्याच जिल्ह्यांत अतिवृष्टीनें शेतें वाहून गेलीं. कृष्णेचें पाणी २०१९ च्या ऑगस्टांत सांगलीस आयर्विन पुलापाशीं सुमारें ५७ फुटांपर्यंत चढलें. धोक्याची खूण ४५ फुटांवर आहे. दोनच वर्षांनीं, जुलै २०२१ त, महाबळेश्वरीं एका दिवसांत ५९४ मिलिमीटर पाऊस होऊन महाड व चिपळूण बुडालीं आणि तळिये गांवावर दरड कोसळली. यांपैकीं कोणत्या घटनेंत ऋतुमानाचा वांटा किती व धरणें, भराव, खाणी यांचा किती, हें वेगवेगळें काढणें अवघड आहे. परंतु असे प्रसंग दाटीनें येऊं लागले, ही गोष्ट कोणत्याहि एका भरावानें उलगडत नाहीं.

आतां आक्षेपाचें उत्तर देणें सोपें आहे. पूर्वीं विजा पडून घरें जळत, म्हणून आज पेटता काकडा हातीं घेतलेला मनुष्य निर्दोष ठरत नाहीं. जुने दुष्काळ माणसावांचून आले, यावरून हल्लींचा पालट माणसावांचून आला असें अनुमान निघत नाहीं. किंबहुना दुर्गादेवीची साक्ष आक्षेपकांच्या विरुद्धच जाते. दख्खनचा पाऊस स्वभावतःच पिढीभर रुसून बसूं शकतो, असें ती सांगते. ज्या मुलुखास असा स्वभाव असलेला पाऊस वांट्यास आला आहे, तेथें वरून आणखी ताप लावणें म्हणजे काय करणें, हें त्या साक्षीनें अधिकच स्पष्ट होतें. आणि यामुळें आमच्या पूर्वजांची ती पक्की भिंत मात्र ढासळली आहे. आभाळांतून आलेली आपत्ति अस्मानींत टाकून मोकळें होण्याची सोय कारकुनास होती, ती आतां राहिली नाहीं. आभाळांतच सुलतानी शिरली आहे, व तिचा सुलतान एका तख्तावर बसलेला नसून लंडन, न्यूयॉर्कपासून मुंबई-पुण्यापर्यंत कोट्यवधि चुलींशीं, यंत्रांशीं व गाड्यांत बसलेला आहे. त्याचा वांटा सर्वत्र सारखा नाहीं, हेंहि खरें. ज्या रानांत कोळशाचा धूर कधीं निघाला नाहीं तेथील बाजरीहि वाळते.

इतिहाससंशोधकांच्या हातून या कामीं होण्यासारखें कांहीं आहे, व तें लवकर झालें पाहिजे. कुळकर्ण्यांच्या रुमालांतून धान्याची धारण, पेरणीच्या तारखा, विहिरी आटल्याचे उल्लेख अद्याप पुष्कळ निघतील; सनदा व महजर तेवढे काढून घेऊन बाकीचा गठ्ठा रद्दींत घालण्याची चाल कित्येक घराण्यांत होती, ती बंद व्हावी. दुसरें काम पुरांच्या खुणांचें. वाई, कऱ्हाड, सांगली येथील घाट व काठचीं देवळें यांवर कोठें पाणी चढल्याच्या खुणा अगर अक्षरें असतील, तर रंग व सिमेंट यांखालीं तीं जाण्यापूर्वीं त्यांचे ठसे, पायरीपासूनचें माप व फोटो घेऊन ठेवावे.

नरसोबाच्या वाडीचें उदाहरण या दृष्टीनें आम्हांस फार महत्त्वाचें वाटतें. तेथें कृष्णा व पंचगंगा यांचा संगम असून पुराचें पाणी देवळांत शिरून पादुकांवरून वाहूं लागलें व दक्षिणेच्या दारानें बाहेर पडलें, म्हणजे दक्षिणद्वाराचा सोहळा होतो व भाविक त्यांत स्नान करतात. म्हणजे नदीच्या एका ठराविक उंचीची खूण तेथें धर्मविधीनें बांधून ठेवली आहे. पुजारीमंडळींच्या घरीं कोणा पूर्वजानें हे सोहळे कोणत्या तिथीस झाले याचीं टिपणें ठेविलीं असल्यास, सरकारी मापकांच्या कित्येक पिढ्या अगोदरचा कृष्णेचा हिशेब त्यांतून निघेल. कोयनेचें धरण झाल्यापासून नदीचें पाणी माणसाच्या हातानें सुटूं लागलें. म्हणून त्या आधींच्या तिथ्या व नंतरच्या तिथ्या वेगळ्या मांडाव्या लागतील. अशीं टिपणें कोणाकडे असतील त्यांनीं मूळ वही आपल्याजवळच ठेवून नकल दिली तरी चालेल. तिथीबरोबर शक व नक्षत्र दिलें असेल, तर तेवढें मात्र गाळूं नये.